तारेने बांधलेली नळी

माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या डाव्या भिंतीला लागून कलमवाल्याचं गॅरेज. हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी दिलं. माळी जसा एका झाडाच्या खोडावर दुसऱ्या झाडाची फांदी जगवतो, तसा हा एका गाडीच्या सांगाड्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन जगवायचा. जुन्या पिकअप हा त्याचा खास विषय. इंजिन दमलेलं, पण चासी, म्हणजे सांगाडा, अजून खणखणीत, अशी गाडी दारात आली की तो तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, बॉनेट उघडून आत डोकं घालायचा आणि तिथूनच म्हणायचा, "जागा आहे." एवढं म्हणाला की काम घेतलं असं समजायचं.

जागा नेहमी असायचीच असं नाही. ती तो करायचा. रेडिएटर चार बोटं पुढे सरकवायचा, इंजिन ज्यावर बसतं ते ब्रॅकेट कापून नवीन जोडायचा, इंजिन आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नसली तर मधली प्लेट लेथवर स्वतः कातून घ्यायचा. मग साखळीच्या कप्पीला टांगलेलं इंजिन इंच-इंच खाली यायचं आणि हा दोन्ही हातांनी त्याला असा आत घ्यायचा, जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतोय. कान तर असे तिखट की चालत्या इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून आतलं कोणतं बेअरिंग रडतंय ते सांगायचा. त्याची बायको म्हणायची, "इंजिनाचं ऐकायला चार कान आहेत, माझं ऐकायला एक नाही."

लोक त्याचं काम बघायला यायचे आणि त्याला ते आवडायचं. आवडलं तर त्यात वावगं काय? पण बघणारे जमले की तो जरा घाईत यायचा, हे मी शेजारी बसून कितीदा पाहिलं होतं. गाडी सुरू करून दाखवायची त्याला घाई व्हायची. सुरू झाल्यावर जी कामं उरतात, कोणाला न दिसणारी, ती मग उद्यावर पडायची. बहुतेक वेळा तो उद्या यायचाही.

त्याची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचे यजमान, म्हणजे त्याचे दाजी, तीस वर्षं स्वतःच्या पिकअपमधून फरश्या वाहत होते. डोंगराच्या अलीकडे कारखाना, पलीकडे नवीन वस्ती. मध्ये सात किलोमीटरचा चढ आणि तेवढाच उतार. फरशी म्हणजे वजन खूप आणि जीव नाजूक. एक धक्का बसला की अख्खी पेटी वाया. म्हणून दाजी गाडी अशी चालवायचे की मागे पाण्याचा भरलेला पेला ठेवला तरी सांडू नये. तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या सायकललासुद्धा धक्का लावला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, ताई सांगायची.

गाडीचं मूळचं पेट्रोल इंजिन मात्र संपलं होतं. चढावर एकदा एक पोस्टमन सायकल हातात धरून चालत होता, तो दाजींच्या पुढे निघून गेला. दाजी गॅरेजात येऊन म्हणाले, "बाबा रे, पोस्टमनने मागे वळून विचारलं, ढकलू का म्हणून. आता काहीतरी कर."

कलमवाल्याने केलं. मागून ठोकर बसून निकामी झालेल्या एका व्हॅनचं डिझेल इंजिन त्याने मिळवलं. व्हॅनची पाठ चेपलेली, पण इंजिनावर ओरखडा नव्हता. बावीस दिवस तो त्या गाडीला लागला होता. नवीन इंजिन जुन्यापेक्षा चांगलंच जड, म्हणून पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पान वाढवलं. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. बॉनेट बंद होईना, तेव्हा त्याला मधोमध उंचवटा ठोकून काढला. दाजी म्हणाले, "हिला टेंगूळ आलं." तो म्हणाला, "टेंगूळ नाही दाजी, छाती आहे ती."

एक गोष्ट राहिली होती. ब्रेकच्या तेलाची नळी पूर्वी जिथून जायची तिथे आता इंजिनाची कड येत होती. म्हणून त्याने ती वळवून दुसऱ्या बाजूने नेली. त्या बाजूला धूर बाहेर नेणारा पाइप होता, आणि भरल्या गाडीने चढ चढला की तो पाइप तव्यासारखा तापतो. नळी त्याच्यापासून दूर धरून ठेवायला एक पक्की पट्टी हवी आणि मध्ये पत्र्याचा आडोसा हवा. पट्टी त्याने कापून ठेवली होती, भोकं पाडायची होती. पण त्या दुपारी गॅरेजात आठ-दहा माणसं जमली. दुसऱ्या गावचा एक गाडीवाला मोबाइलवर चित्रण करत होता. दाजी नवीन शर्ट घालून आले होते. कलमवाल्याने नळीला बांधायच्या तारेचे दोन वेढे दिले, पक्कडीने पीळ मारला आणि खालून बाहेर आला.

"दाजी, मारा स्टार्टर."

इंजिन पहिल्या हाकेला उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा दुकानातून बाहेर येऊन वाजवल्या.

जाताना तो दाजींना म्हणाला, "आठवड्याने एकदा दाखवायला आणा. बारीक काम राहिलंय."

दाजी सांगितलेलं विसरणारे नव्हते. बरोबर आठवड्याने आले. तो दुसऱ्या गाडीच्या पोटाखाली होता. तिथूनच म्हणाला, "चालतेय ना?" दाजी म्हणाले, "पळतेय." "मग पळू द्या, पुढच्या आठवड्यात बघू." दाजी पुढच्या आठवड्यातही आले. तेव्हा तो जेवायला घरी गेला होता. मी फोन लावून दिला, तर म्हणाला, "त्यांना म्हणावं घाई नाही."

हे मी माझ्या तोंडाने दाजींना सांगितलं. घाई नाही म्हणतोय.

*

त्यानंतर तीन आठवड्यांनी दाजी भरल्या गाडीने चढ चढले. माथ्यावर एक चहाची टपरी आहे, तिथे दहा मिनिटं थांबले. मग उताराला लागले. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा पाय सरळ खाली गेला, काहीच न लागता, थेट तळाला. पुन्हा दाबला, तेच. हँडब्रेक ओढला, तो थोडा धरून मग घसरत राहिला. खाली वळणावर बसथांबा होता आणि थांब्यावर माणसं उभी होती. दाजींनी गाडी डावीकडे दरडीला घासत नेली, दगडामातीला बॉनेट भिडवलं आणि थांब्याच्या दहा पावलं अलीकडे ती थांबवली. फरश्यांचा चुरा झाला. दाजींचं डाव्या मांडीचं हाड मोडलं. थांब्यावरच्या लोकांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या धावताना पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. बाकी कोणाला काही झालं नाही.

वाहन तपासणारे निरीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. तोवर गाडी थंड पडलेली. त्यांनी सीटवर बसून ब्रेक दाबला, तो दगडासारखा घट्ट. गाडी दोन माणसांकडून ढकलून घेऊन पुन्हा दाबला, जागच्या जागी थांबली. त्यांनी लिहिलं: ब्रेक व्यवस्थित, चालकाची चूक. अर्थ सगळ्यांनी एकच लावला. पाय तळाला जातो आणि गाडी मोकळी सुटते, हे कशाने होतं? क्लच दाबल्याने. म्हाताऱ्याने ब्रेक समजून क्लच दाबला. त्यात नवीन इंजिनाचा जोर.

गाडी ओढून गॅरेजात आणली ती दुपारी. कलमवाला खाली शिरला. मी माझ्या ओट्यावरून त्याचे फक्त पाय बघत होतो. ते पाय कितीतरी वेळ हललेच नाहीत.

त्याने काय पाहिलं ते त्याने मला नंतर सांगितलं. तारेचा पीळ हादऱ्यांनी सैल झाला होता. नळी खाली ओघळून धुराच्या पाइपावर टेकली होती आणि टेकली तिथे वीतभर काळीठिक्कर पडली होती. चढावर पाइप तापला, टपरीवर गाडी उभी राहिली तेव्हा वारा नाही, सगळी धग नळीत उतरली आणि आतलं तेल उकळलं. उकळलेल्या तेलाची वाफ होते आणि वाफेवर कितीही जोर द्या, ती नुसती दबते. त्यात ही जुन्या पद्धतीची गाडी, चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल झालं आणि ब्रेक होता तसा झाला. म्हणजे दाजींनी ब्रेकच दाबला होता.

तो बाहेर आला, हात पुसले आणि माझ्या दुकानात आला.

"ब्रेकची नळी दे. पाच फुटी."

"कोणत्या गाडीला?"

"आहे एक," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी नळी दिली. गॅरेजात त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती, हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही. त्याने जुनी नळी काढून तिचे पक्कडीने चार तुकडे केले आणि भंगाराच्या पिंपात टाकले. नवीन नळी पक्क्या पट्टीने, पत्र्याच्या आडोशासह, अगदी पुस्तकात असावी तशी बसवली.

पुढे तो मला म्हणाला, "त्या वेळी मनात एकच होतं, की सांगायचंच आहे, पण दाजी आधी इस्पितळातून घरी येऊ देत." मग दाजी घरी आले. मग त्याने ठरवलं, प्लास्टर निघू दे. लाज अशी असते, रोज सकाळी उद्याचा वायदा करते.

*

प्लास्टर निघायच्या आधीच दाजी त्याच्याकडे आले. रिक्षातून उतरले, काखेत कुबड्या. गॅरेजच्या दारात उभे राहून त्यांनी त्याला हात जोडले.

"तुझ्या बावीस दिवसांच्या कामाची मी माती केली रे. मला माफ कर."

कलमवाला उभ्या जागी गारठला. "दाजी, असं काय करता, बसा."

"नाही, बोलू दे. मी आधी सगळ्यांशी भांडलो. ब्रेकच दाबला म्हणालो. पण साहेबांनी लिहून दिलं म्हणजे खोटं कसं असेल? आता वाटतं, पाय चुकला असेल. वय झालं. इंजिन असं दिलंस की देवाने हेवा करावा, आणि मी..."

त्याने दाजींना खुर्ची दिली, पाणी दिलं. दाजींनी नीट धरायच्या आधीच त्याने पेला सोडला आणि पाणी त्यांच्या गुडघ्यावर सांडलं. दाजी हसले. "घाबरलास होय मला बघून? बरा आहे मी."

मी शेजारच्या भिंतीआड होतो. पत्र्याची भिंत आहे, सगळं ऐकू येतं. मी वाट बघत होतो की आता बोलेल. तो बोलला नाही. दाजी गेल्यावर त्याने रेडिओ बंद केला. त्यानंतर गॅरेजात रेडिओ लागलाच नाही.

बहिणीच्या गल्लीतून जायचं त्याने टाळायला सुरुवात केली. ताईने जेवायला बोलावलं की कामाचं निमित्त सांगायचा. एकदा ताईच डबा घेऊन आली. भाजीचं झाकण काढता काढता सांगत बसली: दाजी आता रस्ता ओलांडतानाही तिचा हात धरतात. शेगडी बंद केली का, दोनदा बघायला लावतात. दर रविवारी त्या शिक्षिकाबाईंकडे जातात. बाईंचा लिहायचा हात मोडलाय, म्हणून त्यांची पत्रं लिहून देतात. "बाई म्हणतात, आता येऊ नका, झालं ते झालं. पण हे ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या पायाने त्यांचा हात मोडला." मग तिने भावाकडे पाहिलं. "तू का जेवत नाहीस? मीठ जास्त झालंय का?"

"नाही. छान झालीय," तो म्हणाला आणि घास गिळून वर पाणी प्यायला.

तो वाळत चालला होता. गिऱ्हाईक नवीन काम घेऊन आलं की आधी म्हणायचा तसं "जागा आहे" म्हणत नसे. म्हणायचा, "बघू." एखाद्याने त्याच्या कामाची स्तुती केली की उठून आत जायचा. लोक म्हणाले, दाजींच्या अपघाताने मिस्त्री फार हळवा झाला. हे ऐकून तर त्याला कुठे तोंड लपवावं कळेना. हळवा म्हणजे पुन्हा चांगुलपणाच की.

ज्याने त्याचं तोंड उघडलं ते एक साधं बोलणं होतं. दाजींची लेक माहेरी आली होती, तिची पाच वर्षांची मुलगी बरोबर. कलमवाला भाचीला भेटायला गेला, जावंच लागलं. पोरगी आजोबांच्या मागे लागली, स्कूटरवरून चक्कर मारून आणा. दाजींचा पाय एव्हाना बरा होता. ते उठले, स्कूटरची किल्ली हातात घेतली. लेक आतून हळूच म्हणाली, "बाबा, नको ना. मामा नेईल तिला."

दाजींनी किल्ली लगेच कलमवाल्याच्या हातात ठेवली. रागावले नाहीत. नातीला म्हणाले, "मामा छान चालवतो. आजोबांचे पाय आता एकमेकांचं ऐकत नाहीत." आणि स्वतःच हसले, कोणी दुसऱ्याने हसायच्या आधी.

कलमवाला पोरीला स्कूटरवर पुढे उभं करून गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पोरगी विचारत होती, "मामा, तुला रडायला का येतंय?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाजींकडे गेला आणि सगळं सांगितलं. तार, पट्टी, आठवड्याने या म्हणून परत पाठवलं ते, काळी पडलेली नळी, तिचे केलेले तुकडे. दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्या ताईने सांगितलं का रे हे बोलायला?"

"दाजी, खरं सांगतोय."

"मला माहीत आहे तू कसा आहेस. काल माझी अवस्था बघितलीस, रात्रभर झोपला नसशील. माझ्यासाठी स्वतःच्या कामाला काळं फासू नकोस. साहेबांनी स्वतः ब्रेक दाबून बघितला होता."

त्याने शपथ घेतली, तसे दाजी आणखीच हळवे झाले. डोळे पुसत ताईला म्हणाले, "बघितलंस? भाऊ असावा तर असा." कलमवाला तसाच उठून आला. माझ्या दुकानात आला आणि स्टुलावर बसला. तेव्हा त्याने मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "चार महिने खोटं बोललो ते खरं वाटलं. आज खरं बोललो तर म्हणतात, भाऊ असावा तर असा. आता मी काय करू?"

"नळी मीच दिली होती," मी म्हणालो. "मला तेव्हाच शंका आली होती."

त्याने माझ्याकडे बघितलं. बोलायला तोंड कुठे होतं आम्हा दोघांनाही?

मग त्याला एक सुचलं. दरडीला धडकलेली गाडी त्याने एव्हाना दुरुस्त केली होती, ती गॅरेजच्या मागे उभी होती. त्याने पक्की पट्टी सोडली, आडोसा काढला आणि नळी पुन्हा तशीच वळवून पाइपावर टेकवली, तारेने बांधून. कारखान्यातून तेवढ्याच वजनाच्या मोडक्या फरश्या भरल्या. आणि दाजींना म्हणाला, "एकदा माझ्याबरोबर माथ्यापर्यंत चला. उतारावर नेणार नाही. एकदाच." दाजी नको म्हणत होते. ताई म्हणाली, "जा. तो इतकं म्हणतोय तर जा." मीही मागे फरश्यांवर बसलो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा भर सकाळचं ऊन होतं. गाडी सात किलोमीटर चढ एका दमात चढली. माथ्यावर टपरीच्या पलीकडे सपाट माळ आहे. तिथे त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, चारही चाकांना पुढून-मागून दगड लावले. मग घड्याळात बघून दहा मिनिटं थांबला. गाडीखालून तापलेल्या लोखंडाची टिकटिक येत होती.

"आता तुम्ही बसा," तो म्हणाला.

चार महिन्यांनी दाजी त्या सीटवर बसले. दोन्ही हात चाकावर ठेवले, ते मला घट्ट दिसले.

"खाली बघून दाबा. कोणता पाय, कोणतं पेडल, डोळ्यांनी बघून."

दाजींनी वाकून बघितलं. उजवा पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि दाबला.

पाय तळाला गेला.

त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा दाबला. पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा त्यांनी दाबला तेव्हा ते पायाकडे बघत नव्हते, समोर बघत होते, आणि त्यांचा चेहरा त्या दिवशी उतारावर असेल तसा झाला होता.

"असंच," ते म्हणाले. "असंच गेलं होतं."

कलमवाला दरवाजाशी उभा होता. मान खाली.

"म्हणजे तू काल खरं बोलत होतास."

"हो."

"आणि मी तुझ्या दारात येऊन हात जोडले, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, दाजी."

दाजींनी पाय पेडलवरून काढून घेतला. मग म्हणाले, "चार महिने मी अंघोळ करताना या पायाकडे बघायचो. शिव्या द्यायचो त्याला."

एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, त्याला तर नक्कीच वाटलं असणार.

गाडी निवायला तासभर गेला. त्याने बरोबर पट्टी, आडोसा, नवीन नळी, तेलाचा डबा सगळं आणलं होतं. तो खाली शिरला आणि काम केलं. पण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एकाने वर पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकापाशी बोल्ट सैल करून हवा सोडायची. मी पुढे झालो, तर दाजी म्हणाले, "मी बसतो."

"दाबा," खालून आवाज यायचा. दाजी दाबायचे. "धरून ठेवा." धरायचे. "सोडा." सोडायचे. चार चाकं, प्रत्येकी पाच-सहा वेळा. अर्धा तास त्या दोघांत एवढे तीनच शब्द झाले. एकदा खालून "सोडा" म्हणताना त्याचा आवाज फुटला, तर दाजींनी पाय तसाच धरून ठेवला आणि तो पुन्हा नीट म्हणेपर्यंत वाट बघितली.

सगळं झाल्यावर दाजी म्हणाले, "किल्ली दे. खाली मी चालवतो." कलमवाला माझ्याशेजारी मागे फरश्यांवर बसला. दाजींनी गाडी अशी उतरवली की एक फरशी वाजली नाही.

*

निरीक्षकांकडे तो स्वतः गेला आणि लेखी दिलं. ते म्हणाले, प्रकरण बंद झालंय, पण कागद फाइलला लावतो. फरश्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी गाडीवाले जमतात, तिथे जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. त्यातले काही तोंड फिरवून निघून गेले, त्यांच्या गाड्या पुन्हा त्याच्याकडे आल्या नाहीत. शिक्षिकाबाईंकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला बसा म्हटलं नाही. म्हणाल्या, "तार बांधलीत ती घाई होती, मी समजू शकते. पण एक सज्जन माणूस दर रविवारी माझ्या दारात मान खाली घालून येत होता आणि तुम्ही येऊ दिलंत. त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच शोधा."

ताई गॅरेजात आली ती डबा न घेता. "लहानपणी तू काच फोडायचास आणि मी मार खायचे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू मोठा झालास." आणि निघून गेली.

पुढे तिचा राग निवला, बहिणीचा राग किती दिवस पुरणार? तो पुन्हा तिच्याकडे जाऊ लागला. दाजी "ये, बस" म्हणायचे, चहा व्हायचा, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. गाडीचा विषय निघत नसे. दाजी पुन्हा फरश्या वाहू लागले होते, पण गाडी दाखवायला आमचा रस्ता ओलांडून पलीकडच्या मिस्त्रीकडे न्यायचे. गाडी आमच्यासमोरून जायची तेव्हा कलमवाला हातातलं काम थांबवून इंजिनाचा आवाज ऐकायचा. आठवड्याभरात म्हणाला, "शाफ्ट थरथरतोय. त्या मिस्त्रीला सापडणार नाही, मी कापलाय तो." पण जाऊन सांगायची हिंमत त्याला झाली नाही.

आठ महिन्यांनी एका सकाळी दाजींनी गाडी त्याच्या दारात आणून उभी केली. "थरथरतेय. तीनदा खोलून झालं, सापडत नाही." किल्ली मात्र खिशात ठेवली. तो खाली शिरला तर दाजी शेजारी उकिडवे बसले. हे काय? तो बोल्ट कशाला? हा किती घट्ट? तो प्रत्येक गोष्ट दाखवत होता, शाळेतल्या मुलासारखा. दोन तासांचं काम चार तास चाललं. येणारेजाणारे बघत होते, त्याचे कान लाल झाले होते, पण तो एकदाही म्हणाला नाही की दाजी, विश्वास ठेवा. म्हणायचा हक्क आपण घालवलाय, हे त्याला कळत होतं.

काम संपल्यावर तो म्हणाला, "झालं."

"थांब," दाजी म्हणाले. त्यांनी जमिनीवर पोतं पसरलं, मोडून जोडलेला पाय जपत हळूहळू पाठीवर आडवे झाले आणि स्वतः गाडीखाली सरकले. आतून त्यांचा आवाज आला, "इथे अंधार आहे. बॅटरी धर."

कलमवाला गुडघ्यावर बसला आणि दाजी जिकडे सांगतील तिकडे उजेड धरत राहिला.